दिवाळीनंतर पॅरिस–फ्लॉरेन्स–रोम: तिकिटं, वार आणि आईचे गुडघे

सुरसागर_काठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भाऊबीज उरकली की बडोद्याहून आम्ही चौघं निघायचं म्हणतोय: मी, बायको, पंधरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई. मुक्कामाच्या रात्री बारा. पॅरिस, फ्लॉरेन्स आणि रोम नक्की. मुलगी गाणं शिकते, तिला ऑपेरा हाऊस आतून बघायचंय, म्हणून मधे व्हिएन्ना बसतं का तेही पाहतोय. डिस्नीलँड, खरेदी वगैरे काही नको. वास्तू, चित्रं, चर्च एवढंच.

टूर कंपनीचा कार्यक्रम मागवून पाहिला. त्यात पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला दीड तास आणि कोलोसियमला 'बाहेरून फोटो' असं लिहिलंय. म्हणून सगळं स्वतःच जुळवायचं ठरवलं. अडलंय ते असं:

व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? व्हिसा हातात नसताना संग्रहालयांची तिकिटं काढायची का? पॅरिसचा म्युझियम पास परवडतो का? आणि आई सपाट रस्त्यावर हळूहळू दोन-अडीच किलोमीटर चालते, पण जिना तिला नको. तिला कुठे न्यायचं आणि कुठे बसवून ठेवायचं?

मांडवी_दरवाजा

शहरं ठरली, आता आधी वार ठरवा, तारखा मागाहून. युरोपात बेत फसतो तो बहुतेक साप्ताहिक सुट्टीमुळे. लूव्र मंगळवारी बंद. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. फ्लॉरेन्सचं उफीत्सी चित्रसंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. रोमची बोर्गेझे गॅलरीही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, अपवाद फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो, आणि म्हणूनच तो दिवस टाळायचा.

म्हणजे सोमवार हा प्रवासाचा वार. या शहरांत तसंही त्या दिवशी निम्मं बंदच असतं. त्यावरून बारा रात्री अशा मांडता येतात. बुधवारी पॅरिसला उतरा आणि त्या दिवशी नदीकाठच्या फेरीपलीकडे काही ठेवू नका. गुरुवारी व्हर्साय. शुक्रवारी लूव्र, पण दुपारनंतर, कारण बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं आणि सकाळी येणारे मोठे ग्रुप संध्याकाळी ओसरलेले असतात. शनिवारी सेंत-शापेल आणि नोत्र-दाम ही चर्चं, दोन्ही एकाच बेटावर, मधे दहा मिनिटांची चाल. रविवारी ओर्से. सोमवारी फ्लॉरेन्सकडे. मंगळवारी उफीत्सी, बुधवारी कॅथेड्रलचा घुमट आणि डेव्हिड. गुरुवारी गाडीने रोम, तो प्रवास साधारण दीड तासाचा, त्यामुळे दुपारी पँथिऑन (घुमटाचं प्राचीन मंदिर) होतं. शुक्रवारी व्हॅटिकन, शनिवारी कोलोसियम, रविवारी बोर्गेझे, सोमवारी परतीचं विमान.

जाताना पॅरिस आणि येताना रोम असं एकाच बुकिंगमध्ये काढा. परत पॅरिसला जाऊन विमान धरण्यात एक अख्खा दिवस जातो. पॅरिस ते फ्लॉरेन्स रेल्वेने जायचं तर दिवसभराचं काम आहे आणि वाटेत गाडी बदलावी लागते. आई बरोबर आहेत तर विमानाने बोलोन्याला उतरा, तिथून फ्लॉरेन्स जलद गाडीने पाऊण तासाच्या आत.

नोव्हेंबरचा दिवस लहान असतो हे विसरू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. पाच वाजले की अंधार. कोलोसियम त्या दिवसांत साडेचारला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश तासभर आधी. उन्हाळ्यातले व्हिडिओ पाहून 'संध्याकाळी सहाला फोरम' (कोलोसियमशेजारचे प्राचीन रोमच्या चौकाचे अवशेष) असं लिहून ठेवलं असेल तर खोडून टाका. व्हर्सायची कारंजीही हिवाळ्यात चालत नाहीत, तिथे राजवाड्यासाठीच जायचं.

आणि दिवसाला एकच मोठी इमारत. संग्रहालयात पाय रस्त्यापेक्षा लवकर दुखतात. दगडी फरशी, सारखं थांबणं, मान वर. सकाळी लूव्र आणि दुपारी ओर्से करणारे ओर्सेत चित्रांकडे पाठ करून बाकावर बसलेले असतात.

दांडियाबाजार

व्हिसाचं सांगतो. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम असा की ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाचा व्हिसा. वरच्या आखणीत पॅरिसच्या ५ आणि फ्लॉरेन्स-रोम मिळून ७, तेव्हा इटलीचा. पहिलं पाऊल पॅरिसला पडतं म्हणून लोक फ्रान्सचा अर्ज भरतात. पहिल्या प्रवेशाचा देश तेव्हाच बघतात जेव्हा रात्री सारख्या असतात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी देता येतो. बडोदेकरांना बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादच्या केंद्रात जावं लागतं, चौघांच्या वेळा एकाच दिवशी घ्या. फी १२ वर्षांवरच्या प्रत्येकाला ९० युरो, तेव्हा मुलीचीही पूर्ण लागेल. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात येण्याजाण्याचे दोन्ही दिवस धरलेले हवेत. आईंच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

तिकीट आधी की व्हिसा आधी, हा घोळ अर्ज लवकर दिला की उरतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अर्ज द्या. व्हॅटिकनची तिकिटं साधारण ६० दिवस आधी खुली होतात, कोलोसियमची ३० दिवस आधी. तोवर पासपोर्ट व्हिसा घेऊन घरी आलेला असतो. अर्जासोबत विमानाचं आरक्षण, हॉटेलचं बुकिंग आणि दिवसवार आखणी लागते. संग्रहालयांची तिकिटं कोणी मागत नाही.

आता तिकिटांतल्या खाचाखोचा. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात. आपल्याकडच्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवा आणि तो रकाना जसाच्या तसा उतरवा. घरातलं हाकेचं नाव किंवा नुसती आद्याक्षरं टाकू नका, मागाहून नाव बदलून मिळत नाही. चौघांची तिकिटं एकाच वेळी काढा, कारण दोन-दोन करून काढली तर पुढच्या दोघांना तीच वेळ मिळेल याचा भरवसा नाही.

१८ वर्षांखालच्यांना लूव्र, उफीत्सी, अकादेमिया, कोलोसियम सगळीकडे प्रवेश फुकट, कुठल्याही देशाचे असोत. पण फुकट म्हणजे तिकीट नको असं नव्हे. मुलीचं शून्य किमतीचं तिकीटही त्याच वेळेचं काढून ठेवावं लागतं आणि वयाच्या पुराव्याला पासपोर्ट लागतो. व्हॅटिकन हे वेगळं राज्य, तिथे मुलीला फुकट नाही, कमी दर आहे. आईंना मात्र ज्येष्ठ नागरिक म्हणून पॅरिस-रोमला सूट मिळेल अशी आशा ठेवू नका.

लूव्रचं तिकीट १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या प्रौढांना ३२ युरो झालंय. जुन्या ब्लॉगांवर १७ किंवा २२ दिसेल, ते सोडून द्या. व्हॅटिकनचं २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे ५ वर. कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी मिळून साधं तिकीट १८ युरो. पँथिऑन जुलै २०२३ पर्यंत फुकट होतं, आता ५ युरो.

शोधताना वर येणारी पहिली तीन-चार संकेतस्थळं दलालांची असतात आणि दिसायला अगदी अधिकृत. व्हॅटिकनची ओळख सोपी: पत्त्याच्या शेवटी 'डॉट व्हीए' हवं. ते त्या राज्याचं स्वतःचं डोमेन आहे, दुसऱ्याला मिळत नाही. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करा. कार्ड नाकारलं गेलं तर दुसऱ्या बँकेचं हाताशी असू द्या. पहिल्या कार्डाशी झटापट करेपर्यंत वेळ हातची जाते.

आणखी एक. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने आली. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी पहिल्या खेपेला फोटो काढून नोंद करतात. ही नोंदणी जिथे शेंगेनमध्ये पहिल्यांदा शिरता तिथे होते. फ्रँकफुर्टला विमान बदलून पॅरिसला जाणार असाल तर ती रांग फ्रँकफुर्टला लागेल. मधे दीड तासाचं अंतर असलेलं स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नका, तीन तास तरी ठेवा. एटिआस नावाच्या परवान्याच्या बातम्या वाचून घाबरायचं कारण नाही, तो ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे.

कमाटीबाग_कट्टा

पासवर माझं मत मांडवीकरांच्या आखणीवरून देतो. पॅरिसचा म्युझियम पास दिवसांवर नाही, तासांवर चालतो: ४८, ९६ किंवा १४४ तास सलग. पहिल्या दारात स्कॅन झाला की घड्याळ सुरू. तुमच्या आखणीत गुरुवार ते रविवार रोज एक मोठी जागा आहे, मधे सुट्टीचा वार नाही, तेव्हा तीन मोठ्या माणसांना ९६ तासांचा हिशोब करून बघायला हरकत नाही. व्हर्साय, लूव्र, सेंत-शापेल आणि ओर्से या चार तिकिटांची बेरीज एका कागदावर मांडा आणि पासच्या त्या दिवशीच्या किमतीशी ताडा. मुलीला पास घेऊच नका, तिला तसंही फुकट.

फक्त गैरसमज नको. पास म्हणजे रांगेतून सुटका नाही. लूव्र, व्हर्साय आणि सेंत-शापेल इथे पास असला तरी वेळ वेगळी आरक्षित करावी लागते. पास घेऊन ठेवला आणि वेळा संपल्या, तर पास खिशात आणि माणूस दाराबाहेर. आधी वेळा बघा, मग पास. आयफेल टॉवर पासात येत नाही.

सेंत-शापेलबद्दल दोन शब्द, कारण टूरवाले ते हमखास गाळतात. १२४८ साली पावन केलेलं हे राजघराण्याचं प्रार्थनाघर. वरच्या मजल्यावर भिंत अशी जवळजवळ नाहीच, १५ उंच रंगीत काचेच्या खिडक्या आणि त्यांत १,११३ चित्रचौकटी. खिडक्या खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायच्या. ढगाळ दिवशी रंग मिटून जातात, म्हणून शनिवारची वेळ दुपारची घ्या, नोव्हेंबरात सकाळी धुकं असण्याचा संभव जास्त. जागा न्यायालयाच्या आवारात आहे, त्यामुळे तपासणी विमानतळासारखी कडक. कात्री, चाकू चालत नाही. आईंच्या पिशवीत अडकित्ता असेल तर हॉटेलवर ठेवायला सांगा, तो कशासाठी आहे हे फ्रेंच पोलिसाला समजावत बसायला नको. वर जायला दगडी गोल जिना आहे, अरुंद. आईंसाठी लिफ्टची सोय दारातच विचारा, जिन्याशी पोचल्यावर नव्हे.

नोत्र-दाम १५ एप्रिल २०१९ ला जळालं, ८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा उघडलं. आत जायला पैसे नाहीत. फुकट आरक्षण जेमतेम एक-दोन दिवस आधी खुलं होतं, नाही मिळालं तरी बिनआरक्षणाची रांग पुढे सरकत असते. मनोऱ्यांचं तिकीट वेगळं आणि पायऱ्या ४२४, तो नाद आईंसह असताना सोडा.

लूव्रमध्ये ५५ × ३५ × २० सेंटीमीटरहून मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. स्लॉटच्या वेळेपासून अर्ध्या तासात पोचा. आत शिरल्यावर सगळे मोनालिसाकडे धावतात. ते चित्र ७७ × ५३ सेंटीमीटरचं, काचेआड, आणि समोर मोबाईलांचं रान. त्याच दालनात, बरोबर समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेझे या चित्रकाराचं 'कानाचं लग्न' (काना हे बायबलमधलं गाव, तिथल्या लग्नाची पंगत) आहे: जवळजवळ १० मीटर रुंद, १५६३ सालचं. त्याच्यासमोर उभं राहायला जागा सहज मिळते. पुढच्या रांगेतले वादक, पंगतीखालचे कुत्रे, वरच्या सज्जात मांस कापणारे आचारी, एकेक बघत गेलं तर अर्धा तास पुरत नाही. व्हीलचेअर ओळखपत्र ठेवून फुकट मिळते. अभिमान बाजूला ठेवून आईंसाठी घ्याच.

जायच्या आधी एक सकाळ आपल्या कमाटीबागेतल्या चित्रदालनात घालवा. सयाजीराव महाराजांनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं तिथे आहेत आणि गर्दी नसते. तैलचित्र जवळून कसं दिसतं, चार पावलं मागे सरकल्यावर कसं, हे मुलीला तिथे निवांत कळेल. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलची व्हेनेशियन मोझेकची फरशी आणि फेलीची या इटालियन शिल्पकाराचे पुतळेही बघून ठेवा, पुढे इटलीत उपयोगी पडतं.

चुना_वीट

इटलीचा भाग मी घेतो. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये प्रवेश फुकट, पैसे घुमटाचे. घुमटाचं तिकीट ठरलेल्या दिवसाचं आणि वेळेचं असतं, चुकलं तर गेलं. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, आणि अर्ध्या वाटेवरून माघारी फिरायला जागा नाही. छातीचा, रक्तदाबाचा किंवा कोंडल्यासारखं होण्याचा त्रास असणाऱ्याने जाऊ नये.

पण तुम्ही तिघं जाच. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ मध्ये हा घुमट बांधला तो एकात एक अशा दोन कवचांचा, आणि चढण्याची वाट त्या दोन कवचांच्या मधूनच जाते. वरवर जाल तशी भिंत खांद्यावर कलत येते. तिथे विटांकडे बघा. आडव्या थरांत मधेमधे उभी वीट घातलेली दिसेल, आणि या उभ्या विटांच्या रांगा नागमोडी तिरक्या वर चढत जातात. घुमट आत कलू लागला की ओला चुना असलेला थर घसरायला बघतो. उभ्या विटा त्या थराचे लहान लहान तुकडे पाडून त्याला जागच्या जागी अडकवून ठेवतात. म्हणून जमिनीपासून लाकडी आधार न उभारता एवढं काम झालं. वाटेत एका सज्जातून आतल्या बाजूचं अंतिम निवाड्याचं (जगाच्या अंती देव करतो त्या न्यायाचं) भित्तिचित्र हाताच्या अंतरावर येतं. खालून रेखीव वाटणाऱ्या आकृती तिथे किती रांगड्या फटकाऱ्यांनी रंगवल्यात ते दिसतं.

तेवढ्या वेळात आईंना मागच्या ओपेरा देल दुओमो, म्हणजे कॅथेड्रलच्याच संग्रहालयात बसवा. घुमटाच्या पासात ते येतं, लिफ्ट आहे, बाक आहेत. गिबेर्ती या शिल्पकाराची 'स्वर्गाची दारं' मूळ रूपात तिथेच आहेत. बाप्तिस्मागृहाला बाहेर लावलेली आणि सगळे ज्यांचे फोटो काढतात ती नक्कल. मायकेलअँजेलोने म्हातारपणी घडवलेलं आणि स्वतःच हातोड्याने फोडलेलं पिएता (मृत येशूला सावरून धरल्याचं शिल्प) हेही तिथे आहे.

कोलोसियम इ.स. ८० मध्ये खुलं झालं. आत धावण्याआधी बाहेर उत्तरेच्या बाजूला थांबा, मूळ बाहेरची भिंत तेवढीच उरली आहे. कमानींच्या माथ्यावर रोमन आकडे कोरलेत. एकूण ८० दारं होती, त्यांपैकी २३ ते ५४ हे आकडे अजून वाचता येतात. प्रेक्षकाच्या हातातल्या बिल्ल्यावर दाराचा क्रमांक असायचा, आपल्या स्टेडियमचा गेट नंबर तोच. ५४ लिहिताना शेवटी चार काठ्या ओढल्यात, शाळेत शिकवतात तसा 'आयव्ही' नाही. आणि भिंतभर जी भोकं दिसतात ती तोफगोळ्यांची नव्हेत. दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जखडले होते, मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी ते उकरून काढले.

आत वरच्या मजल्याचे मूळ जिने उंच पायऱ्यांचे आहेत. लिफ्ट आहे, गुडघ्यांचं सांगून दारातच विचारा. फोरम मात्र आईंना झेपणार नाही: काळ्या दगडांची जुनी वाट, दगड गोलसर आणि मधे फटी, पाऊस पडला की निसरडी. कापितोल टेकडीच्या मागच्या सज्जावरून अख्खा फोरम फुकट दिसतो, टॅक्सी टेकडीपर्यंत येते. तिघांनी खाली फिरावं, आईंनी वरून बघावं. साधं तिकीट पहिल्या प्रवेशापासून २४ तास चालतं, पण कोलोसियममध्ये जायची वेळ ठरलेलीच.

व्हॅटिकनला लोक हमखास एका गोष्टीत चुकतात. संग्रहालयाचं दार आणि सेंट पीटर्स चर्चचं दार वेगळं, मधे किल्ल्यासारख्या भिंतीला वळसा, पंधरा-वीस मिनिटांची चाल. संग्रहालयातल्या सिस्टीन चॅपेल या प्रार्थनागृहातून थेट चर्चकडे निघणारी वाट आहे, पण ती गाइडबरोबरच्या गटांसाठी. तुम्ही तिच्या भरवशावर राहू नका. आईंची व्हीलचेअर संग्रहालयातून घेतली असेल तर ती तिथेच परत करायची असते, तेव्हा पुढच्या अंतरासाठी टॅक्सी सांगा. चर्चला तिकीट नाही, पण चौकात उघड्यावर तपासणीची रांग असते. बुधवारी सकाळी पोपची भेट असते म्हणून त्या वेळी चर्च बंद. तुमचा शुक्रवार ठीक आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंची साडी चालतेच, फक्त ब्लाउज बिनबाह्यांचा असेल तर शाल असू द्या.

सिस्टीनमध्ये फोटो काढू देत नाहीत आणि मोठ्याने बोललं की पहारेकरी टोकतो. मायकेलअँजेलोने रंगवलेलं छत १५०८ ते १५१२ मधलं, समोरच्या भिंतीवरचा त्याचाच अंतिम निवाडा १५३६ ते १५४१ मधला, मधे पंचवीस-तीस वर्षं. दोन्हींतली माणसं शेजारी ठेवून बघा, वरची सडपातळ, भिंतीवरची जडशीळ. भिंतीलगत बसायला कट्टा आहे, जागा रिकामी झाली की आईंसाठी लगेच धरा.

पँथिऑनला पाऊस असेल तर मुद्दाम जा. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, ४३.३ मीटर. माथ्यावरचं भोक सुमारे ९ मीटरचं आणि उघडं. पाऊस सरळ आत पडतो. फरशी मधोमध किंचित फुगीर आहे आणि तिच्यात पाणी जायला छोटी छिद्रं ठेवलीत, ती कोरड्या दिवशी नजरेला पडत नाहीत.

बोर्गेझेत दोन तासांचीच वेळ मिळते आणि दोन तास झाले की सगळ्यांना बाहेर काढतात. आधी बर्निनीचे पुतळे बघा, चित्रं मागाहून.

षड्ज_पंचम

व्हिएन्नाचं मी बोलतो, आणि उत्तर आहे: या खेपेला नको. दोन रात्री काढायच्या तर त्या फ्लॉरेन्सच्या जातील, आणि पॅरिस–व्हिएन्ना थेट रात्रीची गाडी डिसेंबर २०२५ पासून बंद झाली, म्हणजे आणखी एक विमान.

मुलीला ऑपेरा हाऊस आतून बघायचं तर पॅरिसमध्येच पाले गार्निए आहे. १८७५ सालचं, दिवसा तिकीट काढून फिरता येतं. संगमरवरी जिना, आरशांचं दालन, आणि प्रेक्षागृहात शागाल या चित्रकाराने १९६४ मध्ये रंगवलेलं छत. तालीम चालू असेल तर प्रेक्षागृह बंद ठेवतात, ते संकेतस्थळावर आधी बघून वार ठरवा. उतरलात त्या बुधवारी किंवा गुरुवारी व्हर्सायहून लवकर आलात तर बसेल.

पुढे कधी व्हिएन्ना केलंत तर लक्षात ठेवा, तिथल्या सरकारी ऑपेराची उभं राहून ऐकण्याची तिकिटं फार स्वस्त असतात. उत्तम जागा खालच्या मजल्यावर, खुर्च्यांच्या लगेच मागे. जागा मिळाली की समोरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा, मग खुशाल फिरून या, ती जागा कोणी घेत नाही. शब्दांचे छोटे पडदे कठड्यावरच असतात. ओव्हरकोट आत चालत नाही, तो कोटघरात द्यायचा. उशीर झाला की मध्यंतरापर्यंत बाहेर. तीन-चार तास उभं राहणं आईंच्या कामाचं नाही, त्यांना खुर्चीचं तिकीट. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, नेमकं आपल्याकडचे लोक मे-जूनची सुट्टी चुकली की तेव्हाच जातात.

सुरसागर_काठ

व्हिएन्ना रद्द, गार्निए पक्कं. मुलीने मान्य केलं, थोडं तोंड वाकडं करून. आता किरकोळ राहिलं. आम्ही शाकाहारी. घरून काय न्यावं? रोममध्ये शेवटच्या दिवशी हॉटेल सकाळी सोडलं आणि विमान रात्रीचं, तर सामानाचं काय? आणि संपांचं फार ऐकतो, ते कितपत खरं?

दांडियाबाजार

खाखरा, चिवडा, कोरडी चटणी बिनधास्त न्या. दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला मनाई आहे, म्हणून पेढे, बर्फी आणि तुपाचा डबा नको. दिवाळीनंतर निघताय, फराळाच्या पिशवीत कोणीतरी प्रेमाने पेढे सरकवतंच, बॅग बंद करण्याआधी बघा. रोमला खायची पंचाईत होत नाही. फक्त पास्त्यावरच्या लाल सॉसमध्ये मांस नाही ना, ते दरवेळी विचारा.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोमभर रस्त्यात लोखंडी नळ आहेत, रात्रंदिवस वाहणारे, पाणी पिण्याचं. त्यांना नासोनी म्हणतात. तोटीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून पाणी वर उडतं आणि वाकावं लागत नाही. आईंना तेवढंच सोयीचं. कोलोसियमच्या रांगेत उभं राहण्याआधी भरून घ्या.

सामान घेऊन कुठल्याही संग्रहालयात शिरता येत नाही. बहुतेक हॉटेलं खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत बॅगा ठेवून घेतात, नाहीतर तेर्मिनी स्टेशनवर सामानघर आहे.

संपाचं ऐकता ते खरं. इटलीत संपाची तारीख बहुधा आधी जाहीर होते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. फ्लॉरेन्स–रोम जलद गाडीचं तिकीट त्याच गाडीचं असतं, दुसरीत चालत नाही. लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून वेळेचा ठसा उमटवा. तिकीट असून ठसा नसेल तरी दंड होतो, आणि परदेशी पाहुणा म्हणून सोडत नाहीत. लूव्रही अधूनमधून संपामुळे उशिरा उघडतं किंवा बंद राहतं. शुक्रवारी सकाळी संकेतस्थळ बघा. बंद असेल तर ओर्से तिथे सरकवा आणि लूव्रसाठी रविवारची वेळ मिळते का बघा. लूव्रचा पर्याय म्हणून सोमवार धरू नका, त्या दिवशी तुम्ही बोलोन्याच्या वाटेवर असाल.